सकाळ कुठल्या बाजूने सुरू होते?

लहान मुलाला शाळा म्हणजे काय हे चित्रातून सांगावं, ही कल्पना साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. १६५८ साली कोमेनियस या शिक्षकाने जर्मनीतल्या न्युरेम्बर्ग शहरात एक चित्रमय पाठ्यपुस्तक छापलं. त्यात सुमारे १५० चित्रं होती. स्वयंपाकघर, बेकरी, न्हावी आणि शाळासुद्धा. चित्रातल्या वस्तूंना आकडे दिलेले आणि खाली त्याच आकड्यांनी त्या वस्तूंची नावं, लॅटिनमध्ये आणि जर्मनमध्ये. एक चित्र, दोन भाषा. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हे पुस्तक फार जवळचं वाटतं.

त्यातलं शाळेचं चित्र मात्र जरा बोलकं आहे. गुरुजी खुर्चीवर, मुलं बाकांवर. गप्पा मारणाऱ्या, दंगा करणाऱ्या मुलांना छडी मिळते हेही त्यात सांगून टाकलंय. म्हणजे चित्र नुसतं माहिती देत नाही. इथे कसं वागायचं आणि काय सोसायचं, हेही ते शिकवतं.

आपल्याकडे चित्र आधी अक्षरासाठी आलं. मराठी घरात अंकलिपी, उर्दू घरात ‘कायदा’. हा कायदा कोर्टातला नव्हे, मुलाच्या हातात पडणारं पहिलं पुस्तक. अलिफ म्हटलं की अनार, बे म्हटलं की बकरी. पिढ्यान्‌पिढ्या मुलं यावर शिकली, मीही त्यातलीच. पुढे मौलवी इस्माईल मेरठी (१८४४–१९१७) यांनी उर्दूची क्रमवार पुस्तकं लिहिली, मुलांसाठी गाय आणि पाणचक्कीसारख्या साध्या विषयांवर कविता केल्या. भाषा मुलाच्या अंगणात आली. पण मूल सकाळी उठल्यापासून काय करतं, हे चित्रात यायला अजून अवकाश होता.

आपल्या महाराष्ट्रात हा दिनक्रम शिक्षणात आणला तो ताराबाई मोडकांनी, आणि तोही पुस्तकाशिवाय. १९२६ मध्ये त्यांनी गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बाल शिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला आलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, असा विचार. अंघोळ, नखं कापणं, केस विंचरणं हाच तिथला पहिला पाठ. मुलाचा दिवस हाच अभ्यासक्रम असतो, हे त्यांनी करून दाखवलं.

१९६७ मध्ये पुण्यात बालभारती सुरू झाली आणि मराठीबरोबर उर्दू मुलांच्या हातातही सरकारी सचित्र पुस्तकं आली. नंतर ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेल्या माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी आणखी एक पाऊल टाकलं. ‘राधाचं घर’मध्ये घरातली माणसं भेटतात. ‘चित्रवाचन’मध्ये रोजच्या जगण्यातली चित्रं बघायची आणि त्यावर बोलायचं. मुलाला उपदेश नाही, नुसतं बघायला जागा.

आता तळवड्याकडे येते. इंद्रायणीकाठचं हे गाव आज एकीकडे सॉफ्टवेअर पार्क आणि दुसरीकडे लहान-मोठ्या वर्कशॉपांनी वेढलेलं आहे. माझ्या वर्गातल्या मुलांचे अब्बा याच पट्ट्यात मशीनवर, वेल्डिंगवर, गाडीवर असतात. कुणी मराठवाड्यातून आलेलं, कुणी उत्तर प्रदेश, बिहारमधून. बाजारात मिळणाऱ्या दिनक्रमाच्या तक्त्यात बाबा सकाळी बॅग घेऊन ऑफिसला निघतात. इथे कित्येक घरांत मूल शाळेला निघतं तेव्हा अब्बा रात्रपाळीवरून येऊन झोपायच्या तयारीत असतात. ‘अब्बा सोये हैं, आवाज मत करो’ हे आमच्या मुलांच्या सकाळचं पहिलं वाक्य. काही मुलं शाळेआधी मकतबला जाऊन येतात. तक्त्यात यातलं काहीच नसतं. मग मुलाच्या मनात पक्कं बसतं, की खरी सकाळ ती चित्रातली, आपली नव्हे.

दुसरी अडचण मला वर्गातच कळली. भिंतीवर मी एक पट्टी लावली होती. मूल उठतं, दात घासतं, अंघोळ करतं, गणवेश घालतं, शाळेत जातं. बालवर्गातल्या एका मुलीने ती उजवीकडून वाचली. तिच्या गोष्टीत मूल शाळेतून परत आलं, गणवेश काढला, अंघोळ केली, दात घासले आणि झोपलं! गोष्ट अगदी बरोबर होती. उर्दू उजवीकडून सुरू होते, तसा तिचा दिवसही उजवीकडून सुरू झाला.

मराठी चित्रपुस्तक उर्दूत आणताना हाच प्रश्न येतो. उर्दू पुस्तक दुसऱ्या बाजूने उघडतं. पानं आरशातल्यासारखी उलटी छापली तर क्रम जुळतो, पण चित्रातलं मूल डाव्या हाताने जेवू लागतं. जपानी कॉमिक्स इंग्रजीत नेताना असंच झालं होतं आणि सामुराई डावखुरे झाले होते. तिथे ती गंमत ठरली. आमच्याकडे दस्तरखानावर बसल्यावर मुलाला पहिली शिकवण मिळते ती उजव्या हाताने खाण्याची. हिंदू घरातही वेगळं नाही. चित्र घराच्या विरुद्ध बोलायला लागलं, की मूल गोंधळतं.

उपाय साधा आहे. चित्र उलटं करायचं नाही, फक्त क्रम बदलायचा. मी पट्टी कापून सुटी कार्डं केली. उर्दूच्या तासाला ती उजवीकडून मांडतो, मराठीच्या तासाला डावीकडून. काही कोरी कार्डंही ठेवली. त्यांवर मुलांनी झोपलेले अब्बा, मकतबची चटई, पाण्याचा ड्रम, रिक्षात कोंबलेली भावंडं काढली. खाली दोन्ही लिप्यांत एकेक शब्द. कोमेनियसच्या युक्तीला एवढा खर्च पुरतो.

यात पणाला काय लागलंय, ते जूनमध्ये फाटकापाशी रडणारी मुलं बघितली की कळतं. त्यांना अक्षराची भीती नसते. पुढे काय होणार आणि घरी कधी जायचं, हे माहीत नसल्याची भीती असते. ‘आता खाना, मग खेळ, मग अम्मी’ ही तीन कार्डं हातात दिली की त्यांना शाळेचा शेवट दिसतो. आमच्या वर्गात सगळ्यात आधी फाटतं ते अम्मीचं कार्ड. मी दर वर्षी नवं करते.