मद्यपान-चिकित्सा, एचआयव्ही उपचारांतील
एचआयव्हीबाधितांच्या घातक मद्यपानाची तपासणी व उपचार एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रातच करण्याची पद्धत. दारूमुळे गोळ्या चुकतात, विषाणूंचे प्रमाण वाढते आणि यकृतावर ताण येतो; सोबत क्षयरोगाची औषधे चालू असतील तर तो अधिकच. गोळी चुकण्यामागे केवळ विसरभोळेपणा नसतो. दारू आणि गोळ्या एकत्र पोटात गेल्या की विषबाधा होते, या समजुतीने अनेक रुग्ण पिण्याच्या दिवशी गोळी मुद्दाम टाळतात. ‘आधी दारू सोड, मग ये’ हा दरडावणीचा सल्ला तीच समजूत पक्की करतो. प्यायला असाल तरी गोळी चुकवू नका, हे स्पष्ट सांगणे हाच उपचाराचा पहिला भाग होय.

तपासणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ‘ऑडिट’ चाचणी वापरतात. ४० पैकी ८ वा अधिक गुण धोक्याचे मानतात. समुपदेशनाला मनोविकारतज्ज्ञच हवा असे नाही. केनियातील एल्डोरेट येथे प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी एचआयव्ही रुग्णांसाठी गटसत्रे घेतली. गोव्यात ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फतच समुपदेशनाचा प्रयोग सर्वसाधारण मद्यपी पुरुषांवर केला. त्याचे अनुकूल निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मद्यपानावरील औषधांत नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट व डायसल्फिराम प्रमुख आहेत. एचआयव्हीवरील लोपिनाविर-रिटोनाविरच्या द्रवरूप औषधात सुमारे ४२ टक्के अल्कोहोल असते. डायसल्फिरामची अल्कोहोलशी तीव्र प्रतिक्रिया होत असल्याने ते त्यासोबत देत नाहीत.