राखेचा लिलाव

सकाळी घंटागाडी आली की आपण कचऱ्याचा डबा घेऊन खाली उतरतो. कचरा उचलण्याबद्दल नगरपालिका ठेकेदाराला पैसे देते, याचं आपल्याला नवल वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हा व्यवहार नेमका उलटा होता. तिथे ठेकेदारच पैसे मोजून कचरा घेत असे.

हा कचरा म्हणजे मुख्यतः कोळशाची राख. हेन्री मेह्यू या पत्रकाराने १८५१ च्या सुमारास अंदाज बांधला, की लंडन शहर वर्षाला सुमारे ३५ लाख टन कोळसा जाळतं. त्याची बारीक राख विटांच्या मातीत मिसळत आणि अर्धवट जळालेले कोळसे विटा भाजायला वापरत. शहर वाढत होतं, विटांना मागणी होती. त्यामुळे प्रत्येक पॅरिशचं, म्हणजे आपल्या भाषेत वॉर्डाचं, पंचमंडळ राखेचा मक्ता देई आणि त्यातून चार पैसे मिळवी. मक्ता नसलेले लोकही गाड्या घेऊन येत आणि राख पळवून नेत. त्यांना ‘उडते राखवाले’ असं नाव पडलं होतं. राखेचीही चोरी होते, हे वाचून मला पहिल्यांदा हसू आलं होतं.

ठेकेदाराच्या आवारात राखेचे डोंगर उभे असत. बायका त्या ढिगात उभ्या राहून दिवसभर चाळण्या हलवत. हाडं, चिंध्या, काच, जुने जोडे, सगळं वेगळं काढलं जाई आणि प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक असे. अशा ढिगांच्या वारशावरच डिकन्सने ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ ही कादंबरी १८६४-६५ मध्ये लिहिली.

आता यातली मेख पाहा. पॅरिशला हवी होती स्वच्छता आणि ठेकेदाराला हवी होती राख. विटांचा भाव चढा होता तोवर दोन्ही एकच वाटत होतं. बांधकाम मंदावलं की गाड्या यायच्या थांबत, दारातले हौद भरून वाहत आणि तक्रारींचा पाऊस पडे. हळूहळू मक्त्याची रक्कम उतरत गेली आणि शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक पॅरिशना उलट ठेकेदारालाच पैसे द्यावे लागू लागले. कचऱ्याला उत्पन्नाच्या बाजूला लिहायची सवय झालेल्या पंचांना हे पचणं कठीणच गेलं असणार. खर्च दाखवायचा तर कर वाढवावा लागतो, आणि कर भरणारे शेजारीच राहतात!

गरिबांच्या वाट्याला तर हा व्यवहारही धड आला नाही. एडविन चॅडविकच्या १८४२ च्या अहवालात दिसतं, की झाडलोट मोठ्या रस्त्यांपुरती होई, आतली बोळं तशीच राहत. १८४८-४९ मध्ये कॉलऱ्याची मोठी साथ आली. रोग घाणीच्या दुर्गंधीने होतो अशी तेव्हाची समजूत. त्यामुळे कचऱ्याचा प्रश्न एकदम जिवावरचा झाला.

पुढे १८९१ च्या कायद्याने घरगुती कचरा उचलणं हे लंडनच्या स्थानिक संस्थांचं कर्तव्यच ठरवलं. त्यावर लगेच शब्दांचा कीस सुरू झाला. हॉटेलच्या भट्टीतली राख घरगुती की धंद्याची? असे वाद थेट कोर्टात गेले.

हे वाचताना मला माझी नोकरी आठवत होती. मी एका नगरपालिकेच्या हिशेब खात्यात होतो. कचऱ्याचा ठेका टनावर दिलेला होता. एकदा वजनकाट्यावर सहज गाडीत डोकावलो, तर वर भाजीचा पाला आणि खाली पाडलेल्या घराचं डबर! ठेकेदाराला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, करारात वजन लिहिलंय.” खोटं तो बोलत नव्हता. दुसऱ्या वर्षी आम्ही वजनाऐवजी फेऱ्या लिहिल्या. मग गाड्या अर्ध्याच भरून येऊ लागल्या.