स्वयंसेवा आणि उत्तरदायित्व : डेबियन प्रकल्पाची घडण (१९९३–२००८)

विनावेतन सहकार्यातून निर्माण झालेल्या संगणकीय आज्ञावलींच्या इतिहासात कार्यकर्त्यांच्या उत्साहाचे वर्णन पुष्कळ आढळते. त्या उत्साहाला वळण लावणाऱ्या नियमांकडे मात्र दुर्लक्ष होते. डेबियन प्रकल्पाचा इतिहास पाहता, त्याच्या विश्वासार्हतेचे मूळ उत्साहापेक्षा उत्तरदायित्वाच्या वाटणीत आहे, असे दिसून येते.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक ह्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी ह्या प्रकल्पाची घोषणा केली. लिनक्सच्या गाभ्याभोवती लागणाऱ्या आज्ञावली जुळवून देणाऱ्या तत्कालीन संचांविषयी तो असमाधानी होता. डेबियनमध्ये प्रत्येक आज्ञावलीचे स्वतंत्र ‘पॅकेज’ बांधावयाचे आणि त्याचा भार ठरावीक स्वयंसेवकाने वाहावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. दोष आढळल्यास उत्तर कोणी द्यावे, हा प्रश्न त्यामुळे सुटला. दोषांची नोंदवहीही सर्वांस खुली राहिली.

तथापि, काम पूर्ण झाले हे कोणी ठरवावयाचे? डिसेंबर १९९५ मध्ये एका विक्रेत्याने अपुरी प्रत चुकून ‘१.०’ ह्या क्रमांकाने तबकडीवर प्रसिद्ध केली. गोंधळ टळावा म्हणून जून १९९६ च्या आवृत्तीस १.१ हा क्रमांक द्यावा लागला. जुलै १९९७ मध्ये स्वीकारलेल्या ‘सामाजिक करारा’त दोष न लपविण्याचे अभिवचन आले आणि १९९८ मध्ये प्रकल्पाने स्वतःची घटना संमत केली. २००० पासून ‘अस्थिर’ व ‘स्थिर’ ह्या विभागांच्या मधे ‘परीक्षण’ हा विभाग आला. नवे पॅकेज प्रथम अस्थिर विभागात जाई. तेथे काही दिवस वापरले जाऊन त्यात नवा गंभीर दोष न आढळल्यासच ते पुढे सरके. अशा रीतीने सामान्य वापर हाच परीक्षणाचा भाग झाला.

ह्या व्यवस्थेची मर्यादा पुढे उघड झाली. २००६ मध्ये ओपनएसएसएल ह्या सुरक्षाविषयक पॅकेजमधील एक फेरफार सर्व टप्पे ओलांडून एप्रिल २००७ च्या स्थिर आवृत्तीत पोहोचला. त्यामुळे तयार होणाऱ्या गुप्त किल्ल्या मोजक्याच संभाव्य किल्ल्यांपैकी असत. मे २००८ पर्यंत हे कोणाच्या ध्यानी आले नाही. कारण त्या किल्ल्या नेहमीप्रमाणेच काम देत होत्या. आज्ञावली चालते की नाही, एवढेच वापरातून कळते. तिची गुप्तता टिकते की नाही, हे कळत नाही. अनेकांच्या नजरेखालून गेले म्हणजे तपासले गेले, ही समजूत येथे खोटी ठरली.

परंतु दोष कळताच प्रकल्पाने तो जाहीर केला व दुर्बल किल्ल्या ओळखण्याची साधने वाटली. १९९७ चे अभिवचन अशा प्रकारे पाळले गेले. स्वयंसेवी संघटनेचे मोल तिच्या निर्दोषतेवरून नव्हे, तर दोषाचे उत्तर देण्याच्या सिद्धतेवरून ठरवावे, हाच ह्या इतिहासाचा निष्कर्ष होय.