शवासन, केईएम आणि तुलनेचा गट

‘नियमित योगाभ्यासाने मन शांत होतं, प्रकृती सुधारते’ असं रिसर्च प्रपोजलमध्ये लिहिलं की गाईडचा पहिला प्रश्न येतो: मोजणार काय? या प्रश्नाच्या इतिहासातला एक महत्त्वाचा टप्पा आपल्या परळलाच सापडतो.

१९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक निघालं. उड्डियान, नौली करताना पोटातला दाब किती बदलतो, हे ते यंत्राने मोजत. म्हणजे प्रश्न होता, क्रिया चालू असताना शरीरात काय घडतं? रोजच्या अभ्यासाने रुग्णाला फरक पडतो का, हा प्रश्न वेगळा.

केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी तो उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांवर तपासला. शोधनिबंध १९६९ मध्ये ‘अँजिऑलॉजी’त आला. सहलेखकांपैकी विनेकरांनी कुवलयानंदांसोबत ‘योगिक थेरपी’ (१९६३) हे पुस्तक लिहिलं होतं. रुग्णांना शिकवलं ते शवासन. औषध न घेणाऱ्या गटाचा मध्यमान दाब (वरचा-खालचा मिळून काढलेला) सरासरी १३४ वरून १०७ वर आला. औषधाने दाब आटोक्यात असलेल्यांपैकी १३ जणांची औषधाची गरज मूळच्या ३२ टक्क्यांवर आली.

आकडे भारी आहेत. पण तुलना कुणाशी? प्रत्येकाची त्याच्याच आधीच्या आकड्याशी. दाब चढलेला असताना माणूस दवाखाना गाठतो. पुन्हा पुन्हा मोजला, भीती मोडली, की तो थोडा आपसूकही उतरतो. मग शवासनाचं श्रेय किती?

इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी ही फट बुजवायचा प्रयत्न केला. ‘लॅन्सेट’मधल्या १९७५ च्या प्रयोगात ३४ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागले. योगिक शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक शिकलेल्यांचा वरचा दाब १६८ वरून १४१ झाला. तुलनेच्या गटाचा १६९ वरून १६०. बघा, त्या प्रशिक्षणाशिवायही ९ अंक उतरलेच! खरा दावा उरलेल्या १८ अंकांचा. त्यातही योग किती आणि बायोफीडबॅक किती, हे मिसळलेलंच.

म्हणून केईएमचा अभ्यास टाकाऊ ठरत नाही. ‘मन शांत होतं’ या विधानातून त्याने मोजता येईल असा प्रश्न काढला. पण ‘औषध कमी झालं’ एवढंच वाचून कुणी घरी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद केल्या तर? तिथे डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवला होता. संशोधन पद्धतीचं प्रकरण लिहायला बसाल तेव्हा हा वाचक डोळ्यासमोर ठेवा. निष्कर्षाच्या आधी तुलनेचा गट लिहायचा तो त्याच्यासाठी.