निघायचं कधी? खोट्या कळांची कुळकथा

जॉन ब्रॅक्स्टन हिक्स हा लंडनच्या गायज हॉस्पिटलमधला प्रसूतितज्ज्ञ. आज जगभरच्या गर्भवतींना त्याचं नाव ऐकावं लागतं ते खोट्या कळांमुळे. पण त्याला खोट्या कळांशी काही देणंघेणं नव्हतं. तो वेगळंच कोडं सोडवत होता: बाईला खरंच दिवस गेलेत की नाही, हे खात्रीनं कसं सांगायचं? लघवीची तपासणी नव्हती, सोनोग्राफी नव्हती. पाळी चुकणं, मळमळ ही लक्षणं फसवी. पोटातली गाठ आणि गर्भ यांत भल्याभल्या डॉक्टरांची गल्लत होई.

हिक्सनं एक साधी गोष्ट केली. पोटावर हात ठेवला आणि तो लगेच उचलला नाही. थोड्या वेळानं हाताखालचं मऊ गर्भाशय आपोआप आवळे, टणक होई आणि पुन्हा सैल पडे. गाठ सहसा असं करत नाही. 1872 साली छापून आलेल्या निबंधात त्यानं मांडलं की हे आवळणं तिसऱ्या महिन्यापासून शेवटपर्यंत चालू असतं, साधारण पाच ते वीस मिनिटांनी होतं, आणि बहुतेक बायकांना त्याचा पत्ताही नसतो. गर्भाशयातलं रक्त खेळतं राहावं, बाळ नीट बसावं यासाठी ही सोय असावी, असाही त्याचा अंदाज होता.

पुढे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी लघवीवरून गर्भधारणा ओळखायची तपासणी शोधली. 1958 साली ग्लासगोच्या इयन डोनाल्डनं पोटातलं मूल ध्वनिलहरींनी दाखवलं. हिक्सची खूण निदानासाठी निरुपयोगी झाली. नाव मात्र टिकलं आणि दुसऱ्याच कामाला लागलं: नवव्या महिन्यात रात्री दोन वाजता घर जागं करणाऱ्या आणि पहाटे विरून जाणाऱ्या कळांना ते चिकटलं.

अशा कळा काही हिक्सनं आणल्या नाहीत. खरी कळ कोणती, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या अध्यायात प्रसूतीच्या कळांना ‘आवी’ म्हटलंय, आणि तिथे सक्त ताकीद आहे की आवी आल्याशिवाय बाईनं जोर करू नये. शिंक आलेली नसताना शिंकायला जावं, तसे ते कष्ट फुकट जातात. कळा येऊनही प्रसूती होत नसेल तर बाईला मुसळ देऊन उखळात धान्य कांडायला लावावं, असं काहींचं मत होतं. ग्रंथ तेही नोंदवतो आणि गुरू आत्रेयांच्या तोंडून खोडून काढतो: अशा नाजूक वेळी मुसळ नको, फार तर तिनं फिरावं. पोट आवळायला लागलं की ‘जरा फिरून बघ’ हे आजही पुण्यातल्या प्रसूतिगृहात पहिल्यांदा सांगतात.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या वाड्यात बाळंतपण घरीच होई. मागची अंधारी खोली, बाज, शेगडी, ओव्या-शेपाची धुरी. पोट दुखू लागलं की सुईणीला निरोप जाई. कळा थांबल्या तर सुईण घरी जाई, दुसऱ्या दिवशी परत बोलावणं. खोटी कळ आली तरी कुणाचं काही अडत नसे, कारण कुठे निघायचंच नव्हतं.

म्हणून ते दिवस सुखाचे होते असं मात्र नाही. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्यांनी डॉक्टर व्हायचं ठरवलं त्यामागे हे दुःख होतं. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात 1886 साली त्यांनी एम. डी.साठी जो प्रबंध दिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हाच होता. परतल्यावर दवाखाना चालवण्याआधीच, फेब्रुवारी 1887 मध्ये, पुण्यात त्यांचा अंत झाला. वय एकवीस.

ससून रुग्णालय 1867 पासून उभं होतं, तरी बाळंतपणासाठी घराबाहेर जाण्याची रीत रुजायला पुढची कित्येक दशकं लागली. डॉ. बानू कोयाजी 1944 मध्ये रास्ता पेठेतल्या के. ई. एम.मध्ये रुजू झाल्या, तेव्हा ते चाळीस खाटांचं प्रसूतिगृह होतं. त्यांच्या हयातीत त्याचं मोठं रुग्णालय झालं. 1972 मध्ये त्यांनी शिरूर तालुक्यातल्या वढू गावाच्या परिसरात काम सुरू केलं आणि पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यसेवेचं शिक्षण दिलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2005–06 साली महाराष्ट्रातली सुमारे 65 टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत. 2019–21 पर्यंत हा आकडा 95 टक्क्यांच्या घरात गेला. यात किती जीव वाचले असतील! पण याच वाटेनं एक नवा प्रश्न घरात आला: निघायचं कधी? लवकर गेलं तर ‘अजून वेळ आहे, घरी जा’ ऐकायचं; उशीर झाला तर कात्रजच्या माहेराहून डेक्कनपर्यंतची गर्दी कापायची. खोट्या कळेची धास्ती म्हणतात ती बरीचशी या अंतराची आहे. पहिलटकरणीला ती जास्त, कारण खरी कळ कशी असते हे तिनं अजून अनुभवलेलंच नाही.

हिक्सच्या हाताचं काम यंत्राकडे गेलं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर. माँटेव्हिडिओत आल्वारेस आणि काल्देइरो-बार्सिया यांनी पोटातून बारीक नळी घालून गर्भाशयातला दाब मोजला. 1955 साली न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमननं पाचशे पहिलटकरणींची प्रसूती आलेखावर मांडली: गर्भाशयाचं तोंड आधी तासन्‌तास संथ उघडतं, मग वेग घेतं. हा संथ टप्पाच घोळ घालतो, कारण त्यात कळा खऱ्या असतात, पण प्रगती डोळ्यांत भरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2018 मध्ये वेगवान टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरला आणि आधीच्या टप्प्याला ठराविक मुदत नसते, असं स्पष्ट केलं.

आज दवाखान्यात एनएसटी (नॉन-स्ट्रेस टेस्ट) करतात तेव्हा पोटावर दोन पट्टे बांधतात. एक बाळाचे ठोके टिपतो, दुसरा पोटाचं आवळणं. कागदाची पट्टी सरकत येते. वरच्या रेघेत ठोक्यांची थरथर, खालच्या रेघेत मधूनच एखादी टेकडी. हिक्सच्या तळहाताला जे कळलं तेच इथे कागदावर उमटतं. तरी कळा आहेत एवढंच पट्टी सांगते. त्या खऱ्या आहेत का, हे गर्भाशयाचं तोंड उघडतंय की नाही यावरून ठरतं, आणि त्यासाठी दोन-चार तास जाऊन पुन्हा तपासावं लागतं. एकदा दवाखान्यात जाऊन परत येणं हे फजिती नव्हे, तपासणीचाच भाग आहे.

तोवर घरी बघता येतं ते असं: पाणी प्यायल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, कुशीवर पडल्यावर किंवा फिरल्यावर कळ विरली, अंतर कमीजास्त होत राहिलं, तर घाई नाही. कंबरेतून पुढे येणाऱ्या, दर पाचेक मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या आणि तासभर वाढतच जाणाऱ्या कळा असतील तर बॅग उचलावी. पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा सदतिसावा आठवडा पुरा होण्याआधीच पोट ठराविक अंतरानं आवळू लागलं, तर कळ खरी की खोटी हा वाद घालत बसू नये. निघावं.