द्राक्षपानावरील बुरशी: केवडा की भुरी? ओळख आणि उपाय

ओझर, सुकेणे, पिंपळगाव बसवंत या निफाड तालुक्यातील पट्ट्यात गोडी छाटणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत चालते. परतीचा पाऊसही याच दिवसांत येतो. कोवळी फूट, नुकताच दिसू लागलेला घड आणि वरून पाऊस असे तिन्ही एकत्र आले की पानावरील बुरशीला हवे ते सगळे मिळते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसात नाशिक जिल्ह्यातील अनेक बागांचे घड असेच गेले. गेलेला घड त्या हंगामात परत येत नाही. घडनिर्मिती एप्रिल छाटणीनंतरच काडीत होऊन गेलेली असते, त्यामुळे वर्षभराचा खर्च करूनही पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.

पानावर पांढरे दिसले की ‘बुरशी आली’ म्हणून दुकानातून औषध आणले जाते. चूक इथेच होते. द्राक्षात पांढरी दिसणारी बुरशी दोन प्रकारची असते: केवडा, ज्याला बहुतेक शेतकरी डाऊनी किंवा डावणी म्हणतात, आणि भुरी. केवडा पानाच्या आत वाढतो, भुरी पानाच्या वर बसते. भुरीवर चालणाऱ्या गंधकाचा केवड्यावर काही उपयोग होत नाही आणि केवड्याची खास औषधे भुरीला हात लावत नाहीत. चुकीची फवारणी झाली तर औषधाच्या पैशापेक्षा वाया गेलेले तीन-चार दिवस जास्त महाग पडतात.

ओळख कशी करावी

पाहणी सकाळी, दव उडण्यापूर्वी करावी. पान उलटून पाहावे. केवड्यात पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळा, तेल सांडल्यासारखा डाग दिसतो. उजेडाकडे धरले तर तो भाग पारदर्शक वाटतो. बरोबर त्याच डागाखाली, पानाच्या मागच्या बाजूला, कापसासारखी पांढरी वाढ असते. ऊन चढले की ती वाळते आणि दुपारी पाहणाऱ्याला फक्त पिवळा डाग दिसतो. त्यावरून अन्नद्रव्याची कमतरता समजून सूक्ष्मअन्नद्रव्ये फवारली जातात, ही नेहमीची गोष्ट आहे. पुढे डाग तपकिरी होऊन पान गळते. घडावर केवडा आला तर देठ वाकडा होतो, कळ्या आधी पांढरट आणि मग तपकिरी होऊन गळतात.

भुरीचा थर राखेसारखा असतो. तो पानाच्या वरच्या बाजूलाही येतो आणि बोटाने पुसला जातो. पुसल्यावर खाली पान हिरवेच दिसते. मण्यावर भुरी आली की भुरकट थर, नंतर जाळीदार व्रण आणि शेवटी मणी तडकणे, असा क्रम असतो. असा घड निर्यातीला चालत नाही.

जुन्या पानांच्या मागे पिवळी-नारिंगी भुकटी असेल तर तो तांबेरा. बोर्डो मिश्रणाचे किंवा कॅल्शियमचे पांढरट ठिपके पाहूनही लोक घाबरतात. ते फवाऱ्याच्या थेंबाच्या आकाराचे असतात आणि रात्रीतून वाढत नाहीत.

शंका राहिली तर घरच्या घरी एक परीक्षा करावी. डाग असलेली चार-पाच पाने ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि रात्रभर घरात अंधारात ठेवावे. सकाळी डागामागे ताजी पांढरी वाढ दिसली तर केवडा जिवंत आहे. फवारणीनंतरही हीच परीक्षा करता येते. तीन दिवसांनी जुन्या डागांवर वाढ आली नाही तर औषध लागू पडले. या परीक्षेला खर्च नाही, तरी ती फारसे कोणी करत नाही.

केवडा कधी वाढतो

या बुरशीचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहतात आणि पर्णरंध्रातून आत शिरतात. म्हणून पान किती तास ओले राहिले, हा मुख्य प्रश्न असतो. २० ते २५ अंश तापमान आणि रात्रभर ओले पान मिळाले तर संसर्ग होतो. त्यानंतर साधारण चार ते सात दिवसांत डाग दिसतो. म्हणजे डाग दिसतो तेव्हा संसर्ग आठवडाभर जुना असतो. पाऊस थांबला तरी दाट दव आणि धुके हेच काम करतात. बाणगंगेकाठच्या आणि खोलगट बागांत दव उशिरापर्यंत टिकते, तिथे पाहणी आधी सुरू करावी. पोंगा फुटून तीन ते पाच पाने झाल्यापासून मणी धरेपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो.

भुरीला पाण्याची गरज नसते. ढगाळ हवा, दाट सावली आणि २२ ते २८ अंश तापमान तिला पुरते. जोराचा पाऊस तिला उलट धुऊन काढतो. पाऊस उघडल्यानंतरच्या कोरड्या, ढगाळ दिवसांत ती गर्दीच्या कॅनॉपीत आधी आतल्या पानांवर येते.

केवड्यावर उपाय

औषधाआधी हवा. बगलफुटी आणि फेलफुटी वेळेवर काढाव्यात, फुटी तारेवर पसरून बांधाव्यात, नत्र आवरते घ्यावे. पाऊस थांबताच तारा हलवून पानावरचे पाणी झटकावे. छाटणीपूर्वी राहिलेली रोगट पाने गोळा करून खड्ड्यात पुरावीत. आपल्याकडे वेल बहुतांश वर्षभर हिरवा असल्याने बुरशी जुन्या पानांवरूनच नव्या फुटीवर येते.

पावसाचा अंदाज असेल तर पावसाआधी मॅन्कोझेब (७५ टक्के) २ ते २.५ ग्रॅम प्रति लिटर या स्पर्शजन्य औषधाचे संरक्षण असावे. पाऊस पडून गेल्यावर आंतरप्रवाही औषध घ्यावे, उदा. मॅन्डीप्रोपामिड (२३.४ टक्के) ०.८ मि.लि. प्रति लिटर, किंवा सायमोक्झॅनिल अधिक मॅन्कोझेब हे संयुक्त औषध २ ग्रॅम प्रति लिटर. मॅन्डीप्रोपामिड आणि डायमेथोमॉर्फ एकाच गटातील आहेत, त्यामुळे एकानंतर दुसरे फवारले म्हणजे औषध बदलले असे होत नाही. या गटाला तसेच अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटाला न जुमानणारा केवडा महाराष्ट्रातील बागांत आढळलेला आहे. म्हणून एका गटाची औषधे हंगामात दोनपेक्षा जास्त वेळा नकोत, आणि तीही मॅन्कोझेबसोबत.

चिखलामुळे ट्रॅक्टर बागेत जात नाही, ही पावसातली खरी अडचण. अशा वेळी सगळी बाग फवारण्याचा हट्ट न धरता फुलोऱ्याजवळ आलेला प्लॉट आधी पाठीवरच्या पंपाने किंवा डस्टरने वाचवावा. औषध पानाच्या मागे आणि घडावर पोचले पाहिजे.

बोर्डो मिश्रण १८८५ पासून याच रोगासाठी वापरात आहे. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी लागते. प्लॅस्टिकच्या पिंपात वेगवेगळे विरघळवून एकत्र करावे. लोखंडी खिळा बुडवून पाहावा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. छाटणीनंतर लगेच ओलांडा व काड्यांवर एक टक्का चालते. कोवळ्या फुटीवर ते जळ आणते, तिथे अर्ध्या टक्क्याच्या वर जाऊ नये.

भुरीवर उपाय

पाण्यात मिसळणारे गंधक (८० टक्के) २ ग्रॅम प्रति लिटर हे स्वस्त आणि अजूनही खात्रीचे औषध आहे. ३५ अंशांच्या वर तापमान असताना फवारल्यास पाने करपतात. मण्यात पाणी उतरल्यावर डाग आणि वास राहतो म्हणून टाळावे. त्या टप्प्यावर अ‍ॅम्पेलोमायसिस किंवा बॅसिलस सबटिलिस ही जैविक औषधे संध्याकाळी फवारावीत, त्यांच्या अवशेषांची चिंता नसते.

निर्यातीच्या बागेत मांजरी, पुणे येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीत नसलेले औषध वापरू नये. यादी दरवर्षी पाहावी. मॅन्कोझेबची मान्यता युरोपीय संघाने काढून घेतली आहे, त्यामुळे युरोपला माल जाणार असेल तर त्याच्या शेवटच्या फवारणीची तारीख निर्यातदाराशी बोलूनच ठरवावी. फवारणीची तारीख, औषध, मात्रा आणि प्लॉट क्रमांक त्याच दिवशी वहीत लिहावा. नमुना तपासणीला जातो तेव्हा आठवणीवर काढणीपूर्व कालावधी मोजता येत नाही.