अंगठा आणि वकील

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यांत वकिली करणाऱ्या गृहस्थाकडे जे प्रश्न येतात, त्यांत बुद्धीला ताण देणारे फार थोडे असतात. माझे मामा पालघरास वकिली करीत. सुटींत त्यांच्या ओटीवर बसून मीं जें ऐकलें, त्यांत एकच प्रश्न वेष पालटून पुनःपुन्हा येई : "कागदावर अंगठा दिला, वकीलसाहेब, आतां काय?" त्या वेळीं मला हा प्रश्न केवळ कायद्याचा वाटे. पुढें इतिहास शिकवूं लागल्यावर ध्यानांत आलें कीं, जुन्या ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागाचा, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्याचा, बराचसा इतिहास या चार शब्दांत सांठलेला आहे.

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें असें ठरविलें कीं, व्यवहार एकदां लेखी झाला म्हणजे त्यांतील शर्तींविरुद्ध तोंडी पुरावा चालावयाचा नाहीं. दोन्ही पक्षांस वाचतां येत असेल तर हा नियम न्यायाचाच आहे. परंतु एक लिहिणारा व दुसरा अंगठा देणारा असला म्हणजे काय होतें? शेतकरी म्हणतो, जमीन गहाण ठेविली. कागद म्हणतो, कायमची विकली. फसवणूक किंवा बळजबरी शाबीत करण्याची वाट कायद्यानें मोकळी ठेविली आहे खरी. पण साक्षीदार सावकाराचे, लेखक सावकाराचा, स्टँपाचा कागदही त्यानेंच आणलेला! १८७५ सालीं सुप्यापासून दंगे उसळले, तेव्हां देशावरील कुणब्यांनीं हुडकून जाळले ते रोखे आणि खतें, हें उगाच नव्हे. त्यानंतर १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास कागदाच्या पाठीमागें जाऊन मूळ देण्याघेण्याची चौकशी करण्याचा अधिकार दिला. पण तो मुख्यत्वें पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठीं रचलेला होता. उलट १९२९ च्या दुरुस्तीनें मालमत्ता हस्तांतराच्या कायद्यांत असें घातलें कीं, जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतांत नसेल, तर त्या मुदतखरेदीस गहाण मानूं नये. परतीचा करार दुसऱ्या चिठोऱ्यावर लिहून देणाऱ्या सावकारास याहून अधिक काय हवें होतें? मामा पक्षकारास प्रथम विचारीत तें हेंच : "कागद एक कीं दोन?"

डहाणू-तलासरीकडील वारल्यांच्या बाबतींत तर पुष्कळदां कागदाचीही गरज पडत नसे. लग्नापुरतें कर्ज काढावें आणि तें फेडण्यासाठीं नवराबायकोनें सावकाराच्या दारीं वर्षानुवर्षें राबावें, ही लग्नगड्याची चाल. सिमिंग्टन नांवाच्या सरकारी अधिकाऱ्यानें १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत या वेठीचें जें चित्र काढलें आहे, तें वाचतांना अंगावर कांटा येतो. पुढें गोदावरी परुळेकर तेथें गेल्या. त्या एका नामांकित वकिलाच्या कन्या आणि स्वतः कायद्याच्या पदवीधर. त्यांनीं वकिलीची पाटी लावली असती, तर फार तर शेंपन्नास दावे चालविले असते. १९४५ सालीं वारली उठले ते त्यांच्या व शामराव परुळेकरांच्या शब्दावर; वेठ नाकारून, पांचशें पौंड गवताच्या कापणीस अडीच रुपये मागत. ऑक्टोबरांत तलवाड्यास गोळीबार होऊन पांच जण पडले. वेठबिगार कायद्यानें साऱ्या देशांतून नाहींशी झाली ती १९७६ मध्यें.

गेलेल्या जमिनींचें काय, या प्रश्नास राज्यानें १९७४ च्या कायद्यानें उत्तर दिलें. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेलेली जमीन चौकशीअंतीं परत करावी. घेणाऱ्यानें ती स्वतः कसावी व ठरेल ती रक्कम हप्त्यांनीं भरावी, असें त्याचें स्वरूप. त्यांतील एक कलम मात्र आमच्या मामांस फार झोंबे. या चौकशींत कोणत्याही पक्षातर्फे वकिलानें उभें राहूं नये! लिंगप्पा पोचन्ना यांच्या प्रकरणांत १९८४ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें हें कलमही उचलून धरलें. धनिकास वकील मिळतो, आदिवासीस मिळत नाहीं, तेव्हां सामना विषम होतो, हें त्यामागील तत्त्व. मामा चिडून म्हणत, "मग त्याला वकील द्या, आमचें तोंड कां बांधतां?" मला दोन्ही बाजू पटतात, आणि आज निवाडा करावयाचा झाला तर मी न्यायालयाच्याच बाजूस जाईन. १९८७ च्या विधिसेवा कायद्यानें अनुसूचित जमातीच्या मनुष्यास उत्पन्न न पाहतां मोफत वकील देऊं केला, पण तो कायदा अंमलांत यावयास १९९५ चा नोव्हेंबर उजाडला.

तारापूरकडे या प्रश्नाचा वेष निराळा. तेथें अणुवीजकेंद्र १९६९ मध्यें चालूं झालें. पुढें तिसऱ्या-चौथ्या संचांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें हलविलीं गेलीं. अशा ठिकाणीं प्रश्न येतो तो : "सरकारचे पैसे उचलले तर वाढीव मागतां येत नाहीं ना?" १८९४ च्या भूसंपादन कायद्याचें उत्तर सरळ होतें. पैसे उचलावे, पण तक्रार राखून. निमूटपणें उचलले कीं वाढीव भरपाईसाठीं न्यायालयाकडे जाण्याची वाट बंद होई. निवाडा होतांना हजर असणाऱ्यास तर अर्जाला अवघे सहा आठवडे. तो कायदा १ जानेवारी २०१४ पासून गेला व नवा आला. पण जुन्या संपादनांचे दावे त्यानंतरही रेंगाळले.

मामांच्या टेबलावर यासाठीं एक रबरी शिक्का असे. पावतीवर अंगठा उठण्यापूर्वीं त्याच्या डोक्यावर तो शिक्का उमटे : "वाचून दाखविलें, समजलें, तक्रार राखून घेतले." शाई वाळेपर्यंत ते अंगठा देऊं देत नसत.